बाळंतिणीची साक्ष

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यांत धोक्याची जाणीव आहे; पण तींत एक मूक आज्ञाहि दडलेली आहे. सुटका झाली, मूल धड आहे, मग आतां तक्रार कसली? बाळंतपणांत स्त्रीला काय सोसावें लागलें, तिला मिळालेली शुश्रूषा तिला कशी वाटली, हा प्रश्न या आनंदाखालीं बहुधा दडपला जातो. तो दडपल्यानें काय घडतें हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें एक जुना वैद्यकीय ग्रंथ साहित्याच्या दृष्टीनें वाचावा. इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरानें सूतिकाज्वरावर लिहिलेला व १८६१ सालीं प्रसिद्ध झालेला जर्मन ग्रंथ तो हा. के. कॉडेल कार्टर यांच्या १९८३ सालच्या इंग्रजी भाषांतरामुळें तो आपल्या आटोक्यांत आला आहे.

विषय थोडक्यांत असा. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. स्त्रियांना दाखल करण्याची पाळी दिवसांप्रमाणें एकेका विभागाकडे जाई. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४,०१० बाळंतपणें झालीं व ४५९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्यांत ३,७५४ बाळंतपणें झालीं व १०५ दगावल्या. जाणते लोक हवेस दोष देत. पण एकाच आवारांतील दोन विभागांची हवा निराळी कशी असेल? १८४७ सालीं सेमेलवाइसचे सहकारी कोलेच्का हे शवविच्छेदनाच्या वेळीं सुरी लागून वारले, आणि त्यांच्या देहांत बाळंतिणींच्या देहांत दिसणारींच लक्षणें आढळलीं. शवविच्छेदन करून आलेले हातच प्रसूतेला मरण देतात, हें तेव्हां उमगलें. क्लोरीनच्या द्रावणानें हात धुण्याची सक्ती झाली, आणि १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेकडा दीडाहून खालीं आलें.

तर्कशास्त्राच्या अध्यापकांस हा ग्रंथ उदाहरण म्हणून प्रिय आहे. त्याचें मर्म मला मात्र दुसरीकडे दिसतें. आपण पहिल्या विभागांत आलों आहों हें कळतांच स्त्रिया गुडघे टेकून, हात चोळीत, परत जाऊं देण्याची विनवणी करीत, असें ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे. कित्येक स्त्रिया घरींच सुइणीकडून बाळंत होऊन, वाटेंत प्रसूत झाल्याचें सांगत मागाहून येत. कारण तसें सांगितल्यानें अर्भकगृहाची मोफत सोय बुडत नसे. रस्त्यांत बाळंत झालेल्यांना ज्वर कमी येई, हेंहि त्यानें नोंदलें आहे. रोगाचें कारण त्या गरीब बायकांस ठाऊक नव्हतें. पण धोक्याची जागा अचूक ठाऊक होती. विद्वानांचे निष्कर्ष ज्या वेळीं हवेंत तरंगत होते, त्या वेळीं बरोबर उत्तर दाराशीं गुडघे टेकून रडत होतें.

या भीतीमुळेंच स्त्रिया मरतात, असेंहि एक मत होतें. सेमेलवाइसनें त्याला दिलेलें उत्तर ग्रंथांतील उत्तम स्थळांपैकीं एक आहे: भीति मृत्यूंतून जन्मली, मृत्यु भीतींतून नव्हे, आधीं पुष्कळ बायका मेल्याखेरीज ती भीति आलीच कोठून? तक्रार करणारीच्याच माथीं दोष मारण्याची ही रीत अजूनहि ओळखीची वाटेल.

ग्रंथांत दोष पुष्कळ आहेत. शोध लागल्यावर चौदा वर्षांनीं तो बाहेर आला; त्यांत पुनरुक्ति फार आहे, आणि विरोधकांशीं चाललेला वाद वाचकाचा अंत पाहतो. आपल्याच हातांनीं किती स्त्रिया अकालीं मृत्युमुखीं गेल्या हें देवच जाणे, अशी कबुली देणारा ग्रंथकार मात्र विरळा. माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. या ग्रंथांत स्त्रिया रडतात, विनवतात, मरतात. पण बोलत नाहींत. ‘तुम्हांस येथें कां यावयाचें नाहीं?’ असें कोणी त्यांस विचारून उत्तर टिपून घेतल्याचें या ग्रंथांत दिसत नाहीं. त्यांचा आक्रोश करुणरस म्हणून येतो. साक्ष म्हणून त्याचें पूर्ण मोल होत नाहीं.

ती साक्ष मोलाची आहे, हें मान्य होण्यास फार काळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं दिलेल्या शिफारशींत जीव वाचविण्याबरोबरच प्रसूतीचा अनुभव चांगला असणें हेंहि ध्येय ठरविलें: सन्मानाची वागणूक, समजेल असें बोलणें, आपल्या पसंतीची सोबतीण जवळ असणें. आपल्या सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ या कार्यक्रमांतहि सन्मानाच्या वागणुकीचा समावेश आहे. हें योग्यच झालें. पण केवळ समाधानाचे आकडे गोळा करून भागणार नाहीं. कुशींत तान्हें मूल, आणि विचारणारी तीच परिचारिका जिच्या हातीं आपली शुश्रूषा आहे; अशा वेळीं ‘सर्व ठीक होतें’ यावांचून दुसरें उत्तर कोणती बाळंतीण देईल? त्या उत्तरांत कृतज्ञता किती, भीड किती, आणि याहून बरें कांहीं मिळूं शकतें याची कल्पनाच नसणें किती, हें पारखावें लागतें. टीकाकार ग्रंथांतील शब्दांइतकेंच त्यांतील मौन वाचतो. रुग्णालय चालविणाऱ्यांनींहि ती विद्या शिकावी. व्हिएन्नांत विनवणीचा अर्थ लागेपर्यंत शेकडों स्त्रियांचे प्राण गेले. तो ऐकण्याची तयारी असती, तर त्याला इतका उशीर लागता ना.