‘नागरिक/अतिरेकी’ : सुवर्ण मंदिर कारवाईविषयीच्या तीन कथनांची चिकित्सा

प्रास्ताविक

एखादा सशस्त्र धर्मगट आणि राज्यसंस्था यांच्यातील कोंडी रक्तपाताने फुटली की तिच्याविषयी लगेच दोन प्रकारचे लेखन निर्माण होते. एक लेखन कारवाईचे समर्थन करते, तर दुसरे तिचा निषेध करते. या दोहोंच्या वादात घटनास्थळी असलेला तिसरा घटक, म्हणजे कोणत्याही बाजूने न लढणारा सामान्य भाविक, हळूहळू दिसेनासा होतो. जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्ण मंदिर परिसरात झालेल्या ‘ऑपरेशन ब्ल्यू स्टार’विषयीच्या तीन कथनांचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भारत सरकारने जुलै १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली पंजाबविषयक श्वेतपत्रिका, मार्क टली व सतीश जेकब यांचा ‘अमृतसर : मिसेस गांधीज लास्ट बॅटल’ (१९८५) हा ग्रंथ आणि कारवाईचे प्रत्यक्ष नेतृत्व करणारे मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांचे ‘ऑपरेशन ब्ल्यू स्टार : द ट्रू स्टोरी’ (१९९३) ही ती तीन कथने होत.

हा विषय पंजाबपुरता मर्यादित मानता येत नाही. कारवाईच्या वेळी भूदलाचे प्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य यांचा जन्म १९२६ मध्ये तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथे झाला. १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत महावीरचक्राचे मानकरी ठरलेले हे सेनानी जानेवारी १९८६ अखेर निवृत्त झाले आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. मारेकऱ्यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. मराठी वाचकाच्या मनात या घटनेचे स्मरण बहुधा वैद्य यांच्या हौतात्म्याशी निगडित आहे. ते स्मरण रास्त आहे. परंतु तेही सेनानी आणि मारेकरी या दोनच पक्षांचे राहते.

घटनेची पार्श्वभूमी

दमदमी टकसाळ ही शीख धर्मशिक्षणाची जुनी परंपरा आहे. तिचे तत्कालीन प्रमुख जर्नैलसिंग भिंद्रनवाले १९८२ मध्ये मंदिर परिसरातील गुरू नानक निवासात येऊन राहिले आणि डिसेंबर १९८३ मध्ये त्यांनी अकाल तख्तात मुक्काम हलविला. दरम्यान, २५ एप्रिल १९८३ रोजी पोलीस उपमहानिरीक्षक ए. एस. अटवाल यांना मंदिराच्या प्रवेशद्वारी गोळ्या घालून ठार करण्यात आले. ऑक्टोबर १९८३ मध्ये राज्यात राष्ट्रपती राजवट आली. बांगलादेश मुक्तिसंग्रामात मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण देणारे माजी मेजर जनरल शाबेगसिंग यांनी परिसराची तटबंदी उभी केली. म्हणजेच कोंडी अचानक निर्माण झाली नव्हती. ती दीड-दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत घट्ट होत गेली होती.

३ जून १९८४ हा गुरू अर्जनदेव यांच्या हौतात्म्याचा स्मरणदिन होता. त्यानिमित्त खेडोपाडीहून आलेले भाविक परिसरातील सरायांमध्ये उतरले होते. त्याच दिवशी पंजाबात संचारबंदी लागू झाली. ५ जूनच्या रात्री सैन्य आत शिरले आणि ६ जूनच्या पहाटे अकाल तख्तावर रणगाड्यांच्या तोफा डागण्यात आल्या. भिंद्रनवाले व शाबेगसिंग मारले गेले, अकाल तख्त उद्ध्वस्त झाले आणि शीख संदर्भ ग्रंथालय जळाले. या साऱ्यात भाविकांचे काय झाले, हा प्रश्न तिन्ही कथनांची कसोटी ठरतो.

श्वेतपत्रिका : तिरक्या रेघेचे गणित

श्वेतपत्रिकेनुसार सैन्याचे ८३ जण मृत्युमुखी पडले आणि २४९ जखमी झाले. दुसऱ्या बाजूच्या मृतांची संख्या ४९३ दिली आहे. मात्र ती ‘नागरिक/अतिरेकी’ अशा एकाच रकान्यात आहे. दोन शब्दांमधील ही तिरकी रेघ संपूर्ण दस्तऐवजाच्या दृष्टिकोनाची निदर्शक आहे. नागरिक आणि अतिरेकी यांतील भेद हाच कारवाईच्या समर्थनाचा आधार होता. अतिरेक्यांच्या तावडीतून धर्मस्थळ मुक्त करावयाचे, असे शासनाचे म्हणणे होते. ज्या भेदावर कारवाई उभी होती तोच भेद हिशेब देताना पुसला गेला, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही.

गोंधळात मृतांची वर्गवारी करणे अशक्य होते, असा युक्तिवाद येथे संभवतो. परंतु श्वेतपत्रिकेतच त्याला छेद देणारा तपशील आढळतो. हरचंदसिंग लोंगोवाल व गुरुचरणसिंग तोहरा हे नेते आपल्या अनुयायांसह शरण येत असताना अतिरेक्यांनी गोळीबार केला व हातबॉम्ब टाकले, त्यात ३० स्त्रिया व ५ बालकांसह ७० जण ठार झाले, असे तीत नमूद आहे. जेथे मृत्यूचे उत्तरदायित्व प्रतिपक्षाकडे जाते, तेथे स्त्रिया आणि मुले स्वतंत्रपणे मोजली गेली. उर्वरित ठिकाणी ती रकान्यात विलीन झाली. मोजणे शक्य होते, एवढे तरी यावरून स्पष्ट होते. श्वेतपत्रिकेचे मूल्यमापन करताना तिने दिलेल्या आकड्यांइतकेच न दिलेले आकडेही वाचावे लागतात.

टली आणि जेकब : साक्षीदारांचे कथन

कारवाईच्या वेळी पत्रकारांना अमृतसरमधून बाहेर काढण्यात आले होते. टली व जेकब यांना त्यामुळे मागाहून साक्षी गोळा करून घटनेची जुळणी करावी लागली. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे पदाधिकारी, सरायांमध्ये अडकलेले लोक आणि सैन्याधिकारी यांची निवेदने ते शेजारी-शेजारी ठेवतात. त्यामुळे श्वेतपत्रिकेत रकाना झालेली माणसे येथे तहानलेली, भेदरलेली, एका खोलीत कोंबलेली अशी प्रथमच दृष्टीस पडतात. हे या ग्रंथाचे मोठे श्रेय होय.

तथापि या ग्रंथाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. शीर्षकातच ही लढाई इंदिरा गांधींची ठरविली आहे. काँग्रेस व अकाली दल यांतील डावपेच आणि फिसकटलेल्या वाटाघाटी हा कथनाचा कणा आहे. भाविक येतात ते पुरावा म्हणून. त्यांची साक्ष संपली की कथन पुन्हा दिल्लीकडे वळते.

ब्रार : सेनानीचे आत्मसमर्थन

ब्रार यांचे पुस्तक घटनेनंतर नऊ वर्षांनी आले. ते स्वतः शीख असल्याने त्यांच्या निवेदनाला एक आंतरिक ताण लाभला आहे. धर्मस्थळाविषयीची श्रद्धा आणि मिळालेला आदेश यांतील ओढाताण ते लपवीत नाहीत. हरमंदिर साहिबवर गोळी न झाडण्याच्या आदेशामुळे सैनिकांना पत्करावी लागलेली हानी ते बारकाईने नोंदवितात. अरुंद परिक्रमेत दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडलेल्या जवानांचे चित्र वाचताना ८३ हा आकडा केवळ आकडा राहत नाही.

नेमकी येथेच तुलना उपस्थित होते. जवानांना जे व्यक्तित्व या कथनात मिळते, ते भाविकांना मिळत नाही. शरण येण्याविषयी ध्वनिक्षेपकावरून आवाहन झाले आणि थोडेच लोक बाहेर आले, हे ते सांगतात. इतर बाहेर का आले नाहीत याचे उत्तर मात्र प्रामुख्याने आतील बंदूकधाऱ्यांच्या धाकात शोधतात. तो धाक खरा असेल. परंतु संचारबंदी लागू असलेल्या, सैन्याने वेढलेल्या शहरात बाहेर पडण्याची भीतीही तितकीच खरी होती. पर्वणीचा दिवस आणि कारवाईचा दिवस इतके जवळ का आले, हा प्रश्न त्यांच्या युद्धशास्त्रीय चौकटीत पुरेसा सामावत नाही.

तुलनात्मक दृष्टिक्षेप

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेको येथे १९९३ मध्ये ‘ब्रँच डेव्हिडियन’ पंथ व संघराज्याच्या यंत्रणा यांच्यात अशीच कोंडी झाली. २८ फेब्रुवारीच्या छाप्यात चार अधिकारी व सहा पंथीय मारले गेले. ५१ दिवसांच्या वेढ्यानंतर १९ एप्रिलला लागलेल्या आगीत पंथप्रमुख डेव्हिड कोरेश याच्यासह ७६ जणांचा अंत झाला. त्यांत अनेक लहान मुले होती. जेम्स टेबर व युजीन गॅलघर यांनी ‘व्हाय वेको?’ (१९९५) या ग्रंथात पंथाची धर्मभाषा यंत्रणांनी गांभीर्याने समजून घेतली नाही, अशी मांडणी केली. दोन्ही घटना सर्वस्वी सारख्या नाहीत. वेकोचा पंथ लहान व एकाकी होता; सुवर्ण मंदिर हे समस्त शिखांचे श्रद्धास्थान आहे. परंतु वेढ्याच्या आत न लढणारी माणसे असणे आणि धर्माच्या कालगणनेकडे शासनाचे दुर्लक्ष होणे ही साम्ये ठळक आहेत.

दुसरा पर्याय अमृतसरमध्येच दिसून आला. मे १९८८ मधील ‘ऑपरेशन ब्लॅक थंडर’मध्ये परिसराला वेढा घालून वीज-पाणी तोडण्यात आले, पत्रकारांना घटना पाहू दिली गेली आणि बहुसंख्य सशस्त्र व्यक्ती शरण आल्या. सशस्त्र गटाला हटविणे आवश्यक होते, हे मान्य करूनही १९८४ ची पद्धत अपरिहार्य होती असे म्हणणे त्यामुळे कठीण होते.

समारोप

तिरक्या रेघेचा परिणाम कागदापुरता राहिला नाही. कारवाईत पकडलेल्या साडेतीनशेहून अधिक व्यक्तींना जोधपूरच्या कारागृहात काही वर्षे डांबून ठेवण्यात आले. त्यांपैकी ४० जणांना भरपाई देण्याचा आदेश अमृतसरच्या न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. कोण नागरिक आणि कोण अतिरेकी, हे ठरविण्याचे काम दस्तऐवजाने टाळले. त्याची किंमत या माणसांनी आयुष्यातील वर्षांनी मोजली.

रायगडच्या किनारपट्टीला मृतांच्या नावांचे मोल अपरिचित नाही. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात झालेल्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. शासनाचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मरण पावले. ती घटना धर्मपंथाची नव्हे. तथापि तेथील आठही जण आज नावानिशी स्मरले जातात आणि दरवर्षी त्या दिवशी त्यांना अभिवादन केले जाते. अमृतसरच्या सरायांमध्ये मेलेल्या भाविकांना अधिकृत दस्तऐवजात असे स्थान मिळाले नाही.

विवेचनाअंती असे म्हणता येईल की, श्वेतपत्रिका भाविकाला रकान्यात विलीन करते, टली व जेकब त्याला साक्षीदार करतात आणि ब्रार त्याला ओलीस मानतात. तिन्ही कथनांत टली-जेकब यांचे कथन अधिक न्याय्य ठरते. मात्र भाविक हाच केंद्रबिंदू असलेले कथन या तिहींत नाही. अशा घटनांवरील लेखनाचे मूल्य ते कोणाची बाजू घेते यापेक्षा न लढता मेलेल्यांना ते वेगळे मोजते की नाही, यावरून ठरविणे अधिक योग्य होय. अलिबागच्या सुपुत्राविषयीचा आदर आणि सरायांमधील अनाम मृतांविषयीची विचारणा या दोन्ही गोष्टी मराठी वाचक एकाच वेळी बाळगू शकतो. त्यांपैकी एक स्वीकारण्यासाठी दुसरी सोडावी लागत नाही.