कच्चे लिंबू आणि महारथी

नाटक किंवा काव्य कोणासाठी आहे, हा प्रश्न आपल्या परंपरेने कधी टाळला नाही. ग्रंथाच्या आरंभी विषय व प्रयोजन यांच्या जोडीने अधिकारी कोण, हेही सांगून टाकण्याची जुन्या शास्त्रकारांची रीत होती. संगणकाच्या पडद्यावर दूरदूरच्या अनेकांनी एकत्र खेळावयाचे जे खेळ गेल्या पंचवीस वर्षांत बहरले, त्यांनाही हा प्रश्न विचारावयास हवा. पोरखेळ म्हणून त्यांची बोळवण करण्याचे दिवस आता मागे पडले. 2022 च्या डिसेंबरात भारत सरकारने ई-क्रीडेला रीतसर मान्यता दिली आणि 2023 मध्ये हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिच्यासाठी पदकेही ठेवण्यात आली. ज्याला एवढी प्रतिष्ठा लाभली, त्याने समीक्षेलाही सामोरे गेले पाहिजे.

त्या पदकांच्या खेळांपैकी ‘डोटा 2’ हा एक. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने तो 2013 साली प्रसिद्ध केला. पण त्याचे मूळ ‘वॉरक्राफ्ट 3’ या दुसऱ्या एका खेळात हौशी खेळाडूंनी केलेल्या फेरफारांत आहे. रचना वरकरणी सोपी. पाच-पाच जणांचे दोन पक्ष, एकमेकांच्या तळाकडे जाणाऱ्या तीन वाटा, वाटांवर बुरूज आणि तळाच्या गाभ्यात एक वास्तू. ती प्रथम पाडील तो पक्ष विजयी. परंतु निवडावयाचे नायक शंभराहून अधिक, प्रत्येकाची विद्या निराळी, आणि त्यांनी मिळवावयाची साधनेही तितकीच विविध. शत्रूच्या सैनिकावर अखेरचा घाव घालणाऱ्याला सोने मिळते. इतकेच नव्हे, तर प्रतिपक्षाचा लाभ घटावा म्हणून आपलाच घायाळ सैनिक आपणच मारावा, अशीही एक युक्ती आहे. मानक नगरच्या रेल्वे वसाहतीतला एखादा मुलगा शाळा आटोपून हा खेळ प्रथमच उघडतो, तेव्हा स्वकीयाला मारण्यात शहाणपण आहे, हे त्याला कोणत्या तर्काने सुचावे?

तथापि अज्ञान ही काही मोठी आपत्ती नव्हे. ते हळूहळू ओसरते. अशा खेळांत नवख्यांना शिवीगाळ होते, ही तक्रार मात्र जगभर ऐकू येते, आणि तिचे खापर खेळाडूंच्या स्वभावावर फोडले जाते. माझ्या मते तिचे मूळ नियमांत आहे. बुद्धिबळात नवखा हरला तर एकटा हरतो. येथे नवखा मेला की मारणाऱ्याला सोने आणि अनुभव लाभतो, प्रतिपक्ष अधिक बलवान होतो, व त्याचे फळ नवख्याच्या चार सोबत्यांना भोगावे लागते. डाव पाऊण तासही चालतो, आणि मध्येच उठून गेल्यास शिक्षा आहे. म्हणजे ज्याला येत नाही त्याला उठता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांना त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. पाच अनोळखी माणसांना असे एका दाव्याला बांधल्यावर संताप उद्भवला नाही तरच नवल!

आपल्या अंगणातील खेळांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. लपंडावात वा लगोरीत धाकटे भावंड आले की ते ‘कच्चे लिंबू’ ठरे. त्याने धावावे, लपावे, आरडाओरडा करावा. पण त्याच्यावर राज्य येत नसे आणि त्याच्या चुकीने कोणाचा डाव बुडत नसे. खेळात राहूनच खेळ शिकण्याची ती सवलत होती आणि ती सर्वांना उघड ठाऊक असे. पुढे एके दिवशी ते मूल ‘आता मी कच्चे लिंबू नाही’ असे बजावी आणि त्या दिवसापासून त्याचा बाद होण्याचा मान सुरू होई.

यावर कोणी म्हणेल की, काठिण्य हेच या खेळाचे वैभव आहे. ते सौम्य केले की रस उरत नाही. काठिण्याविषयी माझे भांडण नाही. पण लखनौच्या वाचकाला येथे एका चित्रपटाची आठवण व्हावी. प्रेमचंदांच्या 1924 मधील कथेवर सत्यजित राय यांनी 1977 साली ‘शतरंज के खिलाडी’ काढला. त्यात पटावर आयुष्य उधळणाऱ्या दोघा सरदारांना मुनशी इंग्रजी रीत समजावून देतो: वजिराऐवजी राणी, प्यादे आरंभी दोन घरे. त्या क्षणी हे दोघे मुरब्बी नवखे होऊन बसतात. मात्र फरक चार वाक्यांत सांगण्याजोगा असल्यामुळे चित्रपटाच्या अखेरीस ते त्याच रीतीने पट मांडू शकतात. डोटाचे नियम कंपनी वारंवार बदलते, आणि दोन वर्षांनी परतलेला महारथीही तेथे चाचपडू लागतो. तेव्हा नवखेपण ही सर्वांवर पुनःपुन्हा येणारी अवस्था आहे. जे सांगता येते आणि सांगितले जाते, त्या काठिण्याचा आनंद आहे. जे सांगितलेच जात नाही, ती अडवणूक होय.

दुसऱ्या टोकालाही दोष आहेच. 2020 साली ‘पब्जी’च्या संगणकावरील आवृत्तीत, नवख्यांना आरंभीचे यश लाभावे म्हणून, यंत्रचालित प्रतिस्पर्धी घालण्यात आले. समोर पडला तो माणूस की यंत्र, हे पडद्यावर सांगितले जात नाही. कच्च्या लिंबाला आपण कच्चे आहोत हे ठाऊक असते. येथे त्याला पक्के असल्याचा भास करून दिला जातो. डोटा नवख्याचा अपमान होऊ देतो, पब्जी त्याची खुशामत करतो. त्याला शिकविण्याचे काम दोन्हीकडे राहून जाते.

मग करावे काय? मानक नगरला ज्या संस्थेमुळे ओळख लाभली, ती रेल्वेची अनुसंधान अभिकल्प आणि मानक संघटना 1957 साली, 1930 चे केंद्रीय मानक कार्यालय व 1952 चे परीक्षण-संशोधन केंद्र एकत्र करून, स्थापन झाली. आराखडा करताना जो हजर नव्हता, त्यालाही तोच भाग तसाच घडविता यावा म्हणून लिहून ठेवलेले ज्ञान म्हणजे मानक. डोटात हे काम पुष्कळसे खेळाडूंनीच केले आहे. कोणत्या नायकाने कोणती साधने घ्यावीत, याच्या त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिका खेळातच दिसतात. जाणत्याने नवख्याचा पाठीराखा होऊन त्याला डाव चालू असताना शिकवावे, अशीही सोय आहे. 2021 मध्ये कंपनीने नवख्यांसाठी निवडक नायकांचा स्वतंत्र प्रकार आणि परिभाषेचा कोश दिला. हे स्तुत्य आहे. पण प्रसिद्धीनंतर आठ वर्षांनी आले. शिवाय तो प्रकार ओलांडला की नवखा पुन्हा त्याच चार संतप्त सोबत्यांत जाऊन पडतो. रचना म्हणून मी डोटाला श्रेष्ठ मानतो. आतिथ्यात तो अजून उणाच आहे.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला हे प्रकरण परके वाटू नये. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात हिंदीच्या वळणाने मराठी बोलणारी मुले रंगमंचावर येतात. एखाद्या शब्दाचे लिंग चुकते, पुढच्या रांगेत हशा पिकतो, आणि पुढल्या वर्षी ते मूल तालमीला येत नाही. यंदाच्या नाटकात अशा मुलासाठी, चार वाक्यांची का होईना, एक भूमिका मुद्दाम लिहावी, आणि ती त्याच्या शिकण्यासाठी आहे हे पुढच्या रांगेला आधीच सांगून ठेवावे.