'खून' आणि 'सदोष मनुष्यवध' : नानावटी खटल्याच्या निमित्ताने

कमांडर कवस माणेकशा नानावटी ह्यांच्या खटल्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बराचसा मजकूर त्या प्रकरणातील तिघा व्यक्तींच्या स्वभावासंबंधी आहे. प्रस्तुत टिपणात त्यात भर घालावयाची नाही. तो वाद ज्या शब्दांनी आपण मराठीत समजून घेतो, त्या शब्दांचे परीक्षण येथे करावयाचे आहे. न्यायालयापुढचा प्रश्न एक होता आणि लोकांनी उत्तर दिले ते दुसऱ्याच प्रश्नाचे; आणि ही अदलाबदल आपल्या परिभाषेने अधिकच सोपी करून ठेवली आहे, असे मला वाटते.

घटना सर्वपरिचित आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने प्रेम आहुजा ह्या व्यापाऱ्याशी असलेल्या संबंधाची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहावर सोडले, खोटे कारण सांगून नौकेवरून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, आहुजांची कचेरी गाठली, ते तेथे नाहीत असे कळल्यावर मलबार हिलवरील त्यांचे घर गाठले. तेथे तीन गोळ्या सुटल्या. नऊ जणांच्या जूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीश मेहता ह्यांना तो निर्णय अग्राह्य वाटला व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. १९६० मध्ये तेथे खुनाबद्दल जन्मठेप झाली, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित ह्यांनी माफी दिली. ह्या सर्व काळात 'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींची बाजू हिरिरीने मांडत होते.

आता कायद्याचा प्रश्न पाहू. तेव्हा लागू असलेल्या १८६० च्या दंडसंहितेत 'सदोष मनुष्यवध' ही जाती व 'खून' ही तिची पोटजाती आहे. कलम २९९ जातीची व्याख्या करते. ३०० सांगते की अमुक प्रकारचा सदोष मनुष्यवध हा खून होय, मात्र पाच अपवाद वगळून. पहिला अपवाद गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा. म्हणजे प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच. वृत्तपत्रांच्या भाषेत मात्र हे दोन शब्द एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहतात, कारण 'खून न ठरणारा' हे लांबलचक विशेषण मथळ्यात मावत नाही. विशेषण गळाले की जातीचे नाव पोटजातीविरुद्ध लढू लागते. मराठीपुरतेच हे नाही. पण मराठीत त्याला आणखी दोन अडचणी येऊन मिळाल्या आहेत.

पहिली 'सदोष' ह्या शब्दाची. ज्याला दोष द्यावा असे कृत्य, हा येथे अभिप्रेत अर्थ. बोलत्या मराठीत सदोष असते ते वीजमीटर, सदोष असते ती मतदारयादी. मी एकदा वर्गात 'सदोष मनुष्यवध म्हणजे काय?' असे विचारले, तेव्हा एका विद्यार्थ्याने सरळ उत्तर दिले, "नीट न जमलेला खून." वर्ग हसला, परंतु त्या मुलाचे भाषाज्ञान बिनचूक होते, चूक परिभाषाकाराची होती. 'दोषार्ह' म्हटले असते तर निदान हा घोटाळा टळता.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. 'हत्या' हा शब्द मराठीत पापाच्या बाजूचा : ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. 'वध' हा बहुधा न्यायाच्या बाजूचा : कंसवध, जरासंधवध, अफझलखानाचा वध. वध ज्याचा होतो तो मरण्याजोगाच असतो, हे त्या शब्दातच गृहीत आहे. १९४८ च्या घटनेला कोणी 'गांधीहत्या' म्हणतो की 'गांधीवध', एवढ्यावरून बोलणाऱ्याचा पक्ष ओळखता येतो, हे महाराष्ट्रात सांगावयास नको. असा पक्षपाती शब्द कायद्याच्या तटस्थ संज्ञेत बसविला गेला. हिंदीने 'मर्डर'साठी 'हत्या' घेतला, तरी 'आपराधिक मानव वध' मध्ये तीच गफलत केली. 'खून' हा फारसी शब्द त्या मानाने निर्मळ. हिंदी-उर्दूत तो रक्त आणि मनुष्य मारणे अशा दोन्ही अर्थांनी चालतो. मराठीने रक्तासाठी 'रक्त' राखून ठेवले व 'खून' केवळ गुन्ह्यापुरता उचलला.

खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) नाटकाने ज्यांचा कान घडला, त्यांना नानावटी प्रकरणाची रचना ओळखीची वाटावी ह्यात नवल नाही : अपमानित पती, उन्मत्त परपुरुष, आणि वध. पण गंमत अशी की ३०० च्या पहिल्या अपवादाची कसोटी लावली तर भीमाचीही सुटका होत नाही. त्याने रात्रीची वाट पाहिली, नृत्यशाळेचा संकेत ठरविला, अंधारात दबा धरला. ह्याला आकस्मिक प्रक्षोभ कोण म्हणेल? दुसरा भेद त्याहून महत्त्वाचा. सैरंध्री तक्रार घेऊन आली होती. नानावटींच्या पत्नीने कबुली दिली होती, तक्रार केली नव्हती. आहुजांना कीचकाच्या जागी बसविताना लोकांनी त्या बाईची संमती कथेतून पुसून टाकली.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र घड्याळ पाहिले. नानावटी घरातून निघाले दीड वाजता, आहुजांचा मृत्यू झाला चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या जवळजवळ तीन तासांत आत्मसंयम परत येण्यास पुरेसा अवधी होता. न्यायमूर्ती सुब्बा राव ह्यांच्या निकालपत्रात प्रक्षोभाचे मोजमाप उदारच आहे : आरोपी ज्या समाजातला, त्यातील समंजस माणूस प्रमाण धरावा, शब्द व हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात, मृताच्या पूर्वीच्या वर्तनाने बनलेली मनःस्थितीही लक्षात घ्यावी. परंतु प्राणघातक कृती त्या आवेगातूनच निघाली पाहिजे, आवेग ओसरल्यावर नव्हे. जाता जाता सांगावयास हवे की बचावपक्षाची मुख्य बाजू प्रक्षोभाची नव्हतीच. झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या समर्थनार्थ रस्त्यावर 'त्याने योग्य तेच केले' असे म्हटले जात होते, ते स्वतः 'मी ते केलेच नाही' असे सांगत होते!

आणि जूरीपुढे खुनाबरोबर ३०४ चा सौम्य पर्यायही होता. तिने तोही नाकारला. सौम्य म्हणावयाचा तोही शब्दापुरताच. ३०४ च्या पहिल्या भागाखालीही जन्मठेप देता येत होती. तेव्हा 'खून की सदोष मनुष्यवध' हा वाद बाहेर कोणी मनापासून घातलाच नव्हता. प्रश्न होता तो आहुजा मरण्याजोगा होता की नाही.

वास्तविक कायद्याला हवा तो भेद मराठी बोलीत तयार आहे. 'रागाच्या भरात' काही करणे वेगळे, 'डूख धरून' करणे वेगळे. राग भरतो, ओसरतो, निवतो, डूख टिकते. न्यायालयाने त्या तीन तासांत शोधले ते हेच. उलट आपली वृत्तपत्रे 'रागाच्या भरात खून' असे रोज छापतात आणि कलम ३०० ने सोडविलेली गाठ पुन्हा मारून ठेवतात.

जूरीपद्धती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उरली नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. २९९ व ३०० ची कलमे तेथे १०० व १०१ झाली, पण जाती-पोटजातीची मांडणी तीच राहिली. त्याच्या थोडे आधी, मे २०२४ मध्ये, पुण्यात कल्याणीनगरच्या मोटार अपघातात दोघे मृत्युमुखी पडले, तेव्हा संतप्त नागरिकांची मागणी होती की ह्याला निष्काळजीपणा म्हणू नका, सदोष मनुष्यवध म्हणा. १९५९ साली जी संज्ञा दयेचा पर्याय होती, तीच येथे कठोरतेची मागणी झाली. त्या मागणीत 'सदोष'चा अर्थ प्रथमच बरोबर लागला होता. 'वध' मात्र तेव्हाही कोणाच्या कानाला खटकला नाही.