‘कणा’मधले सर काय म्हणाले?

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी हमखास येतात. पहिली, विसर्गाचा मेसेज: अमुक धरणातून इतके हजार क्युसेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. दुसरी, कुसुमाग्रजांची ‘कणा’. पहिला मेसेज काठावरच्यांसाठी असतो. दुसरा बहुतेक वेळा काठापासून लांब, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एकमेकांना पाठवलेला असतो. मीही त्याच मजल्यावरचा. नोकरी पुण्यात, घर नाशिकचं. ‘कणा’ शाळेत पाठ केलेली, त्यामुळे स्क्रीनवर पहिला शब्द दिसला की पुढची सगळी कविता डोक्यात आपोआप सुरू होते. पाठ झालेल्या कवितेची अडचण ही की ती आपण वाचणंच सोडून देतो.

म्हणून यंदा मी ती सावकाश वाचली. प्रश्न साधा होता. पुराच्या वेळी आपण ही कविता पाठवतो, तेव्हा नेमकं काय पाठवत असतो?

कवितेत घडतं ते थोडकंच. पावसात भिजलेला एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो. नदी घरात कशी शिरली आणि काय काय घेऊन गेली ते सांगतो. बायको आणि तो मिळून घर पुन्हा उभं करत आहेत, हेही सांगतो. सर पैसे द्यायला जातात, तो नको म्हणतो. त्याला पाठीवर थाप हवी असते आणि झुंजायला सांगणारा एक शब्द. बस. अवघड शब्द एकही नाही. सोप्या शब्दांत एवढं मोठं दुःख हसऱ्या चेहऱ्याने सांगणारी दुसरी कविता मला तरी पटकन आठवत नाही.

आधी नदीबद्दल. कुसुमाग्रजांचं बरंचसं आयुष्य नाशिकमध्ये गेलं, आणि नाशिककर गोदावरीला रोजच्या बोलण्यात ‘गंगा’च म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडापर्यंत. त्यामुळे कवितेतली नदी इतरांना हिमालयातून आलेली वाटली, तरी नाशिकच्या कानाला ती गल्लीच्या टोकाची वाटते. कवितेत ती लेक माहेरी यावी तशी येते, घरभर वावरते आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाही. ही कल्पना शोभेची नाही. नदीकाठी राहणारा माणूस नदीवर पूर्ण रागावू शकत नाही. आज घर नेलं तिनेच, आणि उद्या कपडे धुवायला, दिवे सोडायला, अस्थी सोडायला जायचंय तेही तिच्याचकडे. घरच्या माणसाने केलेलं नुकसान आपण ज्या सुरात सांगतो, तो सूर कवीने अचूक पकडला आहे.

पण हा सूर आजच्या पुराला पुरतो का? माझी पहिली तक्रार इथे आहे. आज गोदावरी नाशिकमध्ये न सांगता येत नाही. वर गंगापूर धरण आहे. किती पाणी, किती वाजता सोडायचं, हे कोणीतरी ठरवतं आणि कळवतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, दर सेकंदाला. हे पाणी ज्या पात्रातून जायचं, तिथे सिंहस्थाच्या कामांत कुंडांच्या तळांवर काँक्रीट ओतलेलं आहे. सराफ बाजारात तर बऱ्याचदा गंगेच्याही आधी सरस्वती नाल्याचं पाणी शिरतं. नाला झाकला म्हणून पाणी त्याची वाट विसरत नाही. १२ जुलै १९६१ ला पुण्यात पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. त्या पाण्याला पाहुणी म्हणणं पुणेकरांना जमलं नसतं. पाहुण्याला कोणी जाब विचारत नाही. धरण, पूररेषा, बांधकामाच्या परवानग्या यांचा जाब विचारावा लागतो.

यात दोष कवितेचा नाही. तिने एका माणसाचं एका संध्याकाळचं बोलणं लिहिलं, जलव्यवस्थापनाचा अहवाल लिहायला ती बसली नव्हती. दोष तिच्या वापरात आहे. ज्या पुराला माणसाची सही लागलेली असते, त्यावर आपण ही कविता चिकटवतो आणि ती सही झाकली जाते.

आता त्या शेवटाकडे येतो. पोस्टर त्यावर बनतात, भाषणं त्यावर संपतात. संसार मोडला, माणूस ताठ उभा राहिला, असा त्याचा अर्थ सगळे घेतात. तो चूक नाही, पण त्याच्या आधी एक छोटीशी हालचाल आहे आणि ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते. विद्यार्थी नकार देतो तो सरांचा हात पैशांसाठी हलल्यानंतर. आधी नाही. त्या नकाराला वजन आहे, कारण समोरून मदत निघालेली होती. तो हात हललाच नसता, तर पैसे नकोत म्हणणं अर्थहीन होतं. त्याचा स्वाभिमान आणि सरांची तयारी एकाच क्षणात घडतात. एक काढलं की दुसरं पडतं.

आणखी एक. तो हात कोणाचा, हे कवितेने शब्दांत सांगितलेलंच नाही. संदर्भाने तो सरांचा आहे हे आपल्याला कळतं. पण मालकाचं नाव न लावता सोडलेला तो हात वाचणाऱ्याचाही होऊ शकतो. मला वाटतं तो आपलाच आहे. सुरक्षित मजल्यावरून ही कविता पाठवताना आपण स्वतःला त्या भिजलेल्या विद्यार्थ्याच्या जागी कल्पतो आणि आपलाच कणा ताठ झाल्यासारखं वाटतं. खरं तर या कवितेत आपली जागा सरांची आहे.

माझ्या मामाचं भांडी बाजारात दुकान आहे. नाशिकच्या २००८, २०१६ आणि २०१९ च्या तिन्ही पुरांत तिथे पाणी आलं. एकदा चिखल काढून झाल्यावर त्याने मला मोबाइल दाखवला. अकरा जणांनी ‘कणा’ पाठवली होती. मामा म्हणाला, “कविता चांगली आहे रे. पण टेम्पो कुणी पाठवला का?” टेम्पो शेजारच्या दुकानदाराने पाठवला होता. माझ्या बाबांनी दिलेले पैसे मामाने घेतले. त्याचा कणा जागच्या जागी आहे.

हे सांगतोय कारण ‘कणा’ सतत फिरवून आपण चांगल्या पूरग्रस्ताचा एक साचा तयार केला आहे. चांगला पूरग्रस्त हसतो, मागत नाही, लढतो. मग पंचनाम्याच्या रांगेत उभा असलेला, अनुदानासाठी तलाठ्याकडे तीन खेपा घालणारा माणूस आपल्याला थोडा कमी वाटू लागतो. २०१९ च्या महापुरात, कोल्हापूर-सांगली पाण्यात असताना, दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात राहिलेल्या भागासाठी मोफत धान्याचा शासन आदेश निघाला आणि त्या अटीवर मोठा संताप उसळला. त्या संतापाला ‘कणा’च्या साच्यात जागा नाही. माझ्या मते तोही कणाच आहे. हक्काचं मागायलाही पाठ ताठ लागते.

दुसरी तक्रार गल्लीबद्दल. कवितेत दोन पुरुष बोलण्याच्या खोलीत आहेत. बायको उल्लेखापुरती आहे. ती वाचली, चिखल उपसते आहे, पण तिला काय वाटलं ते कोणी विचारत नाही. शेजारी तर नाहीतच. एकटं वाटलं म्हणून तो सरांकडे येतो हे खरं आणि हृदयाला भिडणारं आहे. पण नदीकाठच्या शहरात पूर ही एकट्याची गोष्ट क्वचितच असते. नाशिकमध्ये पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकचा आकडा ऐकून मामा हलत नाही. मारुतीची कमर बुडाली म्हटलं की माल माळ्यावर चढायला लागतो. सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने पाहिलं तर याहून चांगला डॅशबोर्ड मी अजून बनवलेला नाही: लांबून दिसतो, लॉगिन लागत नाही, आजीलाही कळतो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट, म्हणजे इशारा आणि धोका पातळी, शाळकरी पोरांनाही पाठ असतात. सांगलीत सगळ्यांच्या नजरा आयर्विन पुलाकडे. हे ज्ञान एकमेकांना हाका मारत, पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं आहे. त्याची कविता मला वाचायला हवी आहे. तिच्यात खूप माणसं असतील, दोऱ्या असतील, कोणाच्या तरी गच्चीवर शिजलेली खिचडी असेल.

तरीही ‘कणा’ मी मोडीत काढत नाही. उलट सावकाश वाचल्यावर ती मला जास्त मोठी वाटली, आणि त्याचं कारण तिचा शेवट. विद्यार्थी मागणं मागतो आणि कविता थांबते. सर काय म्हणाले? हात पाठीवर गेला का? कवीने ते लिहिलेलं नाही. आपण सगळ्यांनी गृहीत धरलंय की सर म्हणाले असतील, थाप दिली असेल. पण कागदावर तिथे कोरी जागा आहे. कविता एका विनंतीवर संपते आणि उत्तर आपल्यावर सोडते. आपण मात्र उत्तर म्हणून तीच विनंती पुढे ढकलतो, अकरा जण, अकरा वेळा.

पुढच्या वेळी विसर्गाचा मेसेज आला की कविता जरूर वाचा. मग काठावरच्या कोणाला तरी फोन लावा आणि विचारा, माल वर चढला का, टेम्पो हवाय का, रात्री झोपायला कुठे जाणार. पैसे लागतील का तेही विचारा. तो कदाचित नको म्हणेल. पण तसं म्हणायची संधी तरी त्याला मिळेल.