नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची दोन उत्तरे

बेंगळूरच्या मिलर्स रोडवरील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजावरून आपल्यापैकी अनेकांचे जाणेयेणे असते. १९१० साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत ख्रिस्ती ईश्वरशास्त्र शिकविले जाते. आणि ईश्वरशास्त्र म्हटले की त्यामागोमाग तत्त्वज्ञान आलेच. ह्या दोहोंच्या नात्याचा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांचा, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. एका मराठी पंडिताने ह्याच प्रश्नाची दोन ग्रंथांत दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत.

युरोपात हा वाद जुना आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिनने ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा उतरविला नाही. टर्टुलियनला मात्र ग्रीक तत्त्वज्ञान पाखंडाचे मूळ वाटले. अकराव्या शतकात अन्सेल्मने आधी श्रद्धा, मग तिच्या आश्रयाने तर्क, असा क्रम लावून दिला. पुढे तो क्रम फिरला. १७९४ साली विल्यम पेलीने ख्रिस्ती धर्माचे पुरावे ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा तर्क न्यायासनावर बसला होता आणि श्रद्धा पक्षकार म्हणून उभी होती.

जॉन म्यूर ह्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने हीच भूमिका ‘मतपरीक्षा’ ह्या संस्कृत ग्रंथात घेतली. त्याची पहिली आवृत्ती १८३९ची. धर्मसंस्थापकाचे चमत्कार, शास्त्राचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता ह्या कसोट्यांवर ख्रिस्ती मतच खरे उतरते, असा त्याचा निष्कर्ष. त्याला उत्तर दिले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी. झाशीजवळ जन्मलेल्या आणि काशीत वाढलेल्या ह्या चित्पावन तरुणाचे वय तेव्हा विशीच्या आसपास होते. १८४४-४५ मधील ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्यांचे म्हणणे असे की, धर्माचे मूळ श्रद्धेत आहे, तर्काने शास्त्राचा निवाडा करू नये, त्याचे अनुचर व्हावे. मौज अशी की, हिंदू धर्माचा हा कैवारी अन्सेल्मच्या शेजारी जाऊन बसला आणि ख्रिस्ती म्यूर त्याच्यापासून दूर राहिला!

१८४८ साली नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोऱ्हे झाले. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. फिट्झएडवर्ड हॉलने १८६२ मध्ये तो इंग्रजीत नेला. येथे तर्क अनुचर उरत नाही, न्यायाधीश होतो. वेदान्ताच्या त्रिविध सत्तेवरील त्यांचा आक्षेप आजही विचार करावयास लावतो. व्यावहारिक सत्ता ही खरोखर सत्ता असेल तर अद्वैत टिकत नाही; नसेल तर तिला सत्ता म्हणणे हा शब्दांचा खेळ होय. असा नेमका घाव षड्दर्शने आतून जाणणारा पंडितच घालू जाणे.

तरीही आमची एक तक्रार आहे. हीच कसोटी त्रैक्याच्या सिद्धान्तास लावली तर काय होईल? त्रैक्य केवळ बुद्धीने सिद्ध होत नाही, हे तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसनेच मान्य केले होते. तेथे बुद्धीने थांबावे असे म्हणावयाचे, तर श्रुतीपुढे थांबण्याचा हक्क वेदान्त्यासही दिला पाहिजे. तो हक्क स्वतः नीळकंठशास्त्र्यांनीच पूर्वी मागितला होता. म्हणून, पस्तिशीतला ग्रंथ अधिक धारदार असला तरी विशीतला अधिक खोल आहे, असे आमचे मत आहे. ह्यात त्यांच्या धर्मांतराच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. सत्यासाठी घरदार, जात आणि प्रतिष्ठा पणास लावणाऱ्याविषयी ती कोण घेईल?

१९५७ साली ह्याच शहरात पी. डी. देवानंदन यांच्या नेतृत्वाखाली धर्म व समाज यांच्या अभ्यासाची ख्रिस्ती संस्था उभी राहिली आणि वादाच्या जागी संवाद आला. परंतु आपल्या मतास जी मुभा घ्यावयाची ती दुसऱ्याच्या मतासही देण्याची तयारी नसेल, तर संवादाचाही पुन्हा वादच होईल. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ साली कात्रे यांनी संपादून उज्जैनहून प्रसिद्ध केला आहे. जिज्ञासूंनी तो आणि ‘दर्पण’ शेजारी ठेवून वाचावेत, एवढेच आमचे सुचविणे आहे.