भान, फळी आणि ‘फ्लो’

मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ‘फ्लो’ ही संकल्पना मराठीत आली ती मुख्यतः व्यक्तिमत्त्व विकासाच्या लेखांतून आणि भाषणांतून. येताना तिला एक शब्दप्रयोग चिकटला : भान हरपणे. गायक रंगला, भान हरपलं, म्हणजे फ्लो. मुलगी चित्रात बुडाली, भान हरपलं, म्हणजेही फ्लो. माझी तक्रार इथूनच सुरू होते. एका गच्चीच्या कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर झेप घेणाऱ्या पार्कूरपटूचं भान हरपलं, तर त्याची रवानगी दवाखान्यात होईल.

मूळ मांडणी अशी ढिसाळ नाही. १९७५च्या ‘बियाँड बोअरडम अँड अँग्झायटी’ या पुस्तकासाठी चिक्सेंटमिहाय यांनी कडे चढणारे, बुद्धिबळपटू, संगीतरचनाकार, नर्तक, बास्केटबॉलपटू अशांशी बोलून अनुभव गोळा केले. त्यांतून निघालेल्या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या आहेत. एक, माणसाला स्वतःविषयी वाटणारी काळजी त्या वेळी गळून पडते. आपण कसे दिसतो, लोक काय म्हणतील, हे उरत नाही. दोन, हातातल्या कृतीवरचं लक्ष कमालीचं तीक्ष्ण होतं. मराठीत पहिली गोष्ट आली आणि दुसरी वाटेत सांडली. कडा चढणाऱ्याला स्वतःचा विसर पडतो, पण बोटांखालच्या खाचेचा पडत नाही.

बरं, आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे म्हणावं तर तसंही नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. ज्ञानदेवांचं आपेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, पैठणजवळचं. हा शब्द आमच्या दारातलाच. तिथे तो ऐकण्यासाठी आला आहे आणि मी तो शरीराच्या हालचालीपर्यंत ओढतो आहे, हे मान्य. तरी ‘तंद्री’ आणि ‘तल्लीनता’ यांच्यापेक्षा तो इथे अधिक नेमका बसतो, कारण अवधानात जागेपण आहे.

याची खातरजमा करायला पॅरिसच्या उपनगरात जायची गरज नाही. मल्लखांब आहे. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला सागवानी किंवा शिसवी खांब. अंग, मान आणि माथ्यावर बोंड. उंची साधारण साडेआठ फूट. त्यावर एरंडेल चोळतात, त्यामुळे कातडी सोलवटत नाही, पण पकड जरा सैल पडली की माणूस थेट खाली. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख आहे. पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभट्टदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. नाव सांगतंच की खांब मल्लाचा, म्हणजे कुस्तीच्या तयारीसाठी. आज तो स्वतंत्र खेळ आहे, गुण मोजून स्पर्धा होतात, २०१९मध्ये मुंबईत त्याची जागतिक स्पर्धाही झाली.

नवशिका आधी अढी शिकतो. दोन्ही पायांनी खांबाला विळखा घालायचा आणि हात सोडायचे. मग दसरंग, बगली, वेल, फरारे, सुईदोरा. एकेक प्रकार पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने. आपलं जुनं व्यायामविषयक लेखन याच वाटेने चालतं : कोणता हात कुठे, कोणता पाय कुठून, मग फायदे. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी बडोद्याहून १९३६पासून खंडाखंडाने काढलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा या परंपरेचा कळस. करणाऱ्याला आतून काय वाटतं, या प्रश्नाला या परंपरेत फारशी जागा नाही. फ्लोवरच्या पुस्तकांत नेमकं उलट : काय वाटलं याची पानंच्या पानं, आणि हात कुठे होता याचा पत्ता नाही. दोन्ही अपुरी आहेत, पण एकच निवडायची वेळ आली तर मी मजुमदारांकडे जाईन. कारण ‘वाटणं’ थेट शिकवता येत नाही, अढी शिकवता येते. मराठीत ‘अंगवळणी पडणं’ म्हणतात. अंगाला वळण लागतं आणि मग मन मोकळं होतं, हा क्रम त्या शब्दातच आहे. आव्हान आणि कौशल्य यांचा तोल साधला की फ्लो, असा आलेख ग्रंथात असतो. त्या आलेखावर कौशल्य ही एक सरळ रेघ आहे. त्या रेघेत किती एरंडेल जिरलं, ते दिसत नाही.

एका आखाड्यात मी सराव करणाऱ्या मुलाला विचारलं होतं, वर असताना काय वाटतं? तो म्हणाला, “काका, वाटलं की हात सुटतो बघा.” संशोधनासाठी हे उत्तर गैरसोयीचं आहे, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक पुरावा दगडात आहे. देवगिरीचा किल्ला शत्रूची चाल मोडण्यासाठी रचलेला आहे. डोंगराचा खालचा भाग ताशीव, सरळ कडा, भोवती खंदक, आणि वर जायची वाट अंधारीतून. अंधारीत उजेड नाही, वळणं फसवी, पायऱ्यांची उंची सारखी नाही. सारख्या पायऱ्यांवर चौथ्या-पाचव्या पायरीनंतर पाय स्वतःच हिशेब धरतो, डोळ्यांना विचारत नाही. घरात अंधारात शेवटची पायरी चुकली की सबंध अंग हादरतं ते त्यामुळेच : पायाने धरलेला हिशेब खोटा ठरतो. अंधारीच्या कर्त्यांना हे पक्कं ठाऊक असणार. प्रत्येक पावलाला हिशेब मोडला की चढणारा लय धरू शकत नाही, आणि लय नसलेला सैनिक अर्धा हरलेला. पार्कूरवाला भिंतीत वाट पाहतो. देवगिरीच्या स्थपतींनी वाटेतच भिंत घातली. रोजच्या चालण्यातला प्रवाह कशावर उभा आहे हे मला कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा त्या बोगद्यात स्पष्ट दिसतं.

पार्कूरची वंशावळही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदल अधिकारी. १९०२मध्ये मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीने सेंट-पिएर शहर गिळलं, तेव्हा तो तिथल्या बचावकार्यात होता. प्रवासात पाहिलेल्या आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या लोकांच्या सहज हालचालींनी तो भारावला आणि त्यातून त्याने ‘नैसर्गिक पद्धती’चा व्यायाम बसवला. बळ कमवायचं ते उपयोगी पडण्यासाठी, हे त्याचं सूत्र. त्यातून फ्रेंच सैन्याचे अडथळ्यांचे मार्ग आले. व्हिएतनाममध्ये वाढलेला रेमों बेल लहानपणी त्यांवर तयार झाला आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला. त्याचा मुलगा दाविद आणि त्याच्या सवंगड्यांनी लीस या उपनगरात यालाच पार्कूर केलं. मग सिनेमे, जाहिराती, आणि २०१७मध्ये ब्रिटनमध्ये अधिकृत खेळाचा दर्जा. म्हणजे वसाहतींतल्या माणसांची रोजची हालचाल आधी पद्धत झाली, मग कवायत, मग खेळ, आणि शेवटी ‘अनुभव’. ज्यांच्या अंगातून ती उचलली, ते पहिल्याच टप्प्यावर मागे राहिले.

आपल्याकडे ते मागे राहिलेले कोण? मला ऊसतोडीची फळी आठवते. ट्रक फडात लागतो, बऱ्याचदा रात्री, आणि मागच्या बाजूला अरुंद फळी टेकवतात. बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर जाते, रिकामी उतरते, पुन्हा मोळी उचलते. फळी लवते, पाचटाने पाय घसरतो. आव्हान मोठं आहे, कौशल्य तोडीस तोड आहे, लक्ष दुसरीकडे जाणं परवडत नाही आणि पाऊल बरोबर की चूक ते त्याच क्षणी कळतं. आलेखावर तिचा बिंदू फ्लोच्या पट्ट्यात अगदी मधोमध पडतो.

चिक्सेंटमिहाय यांनी कष्टकऱ्यांकडे पाहिलंच नाही, असा आरोप करणं अन्यायाचं होईल. १९९०च्या ‘फ्लो’मध्ये वेल्डिंग करणारा कामगार आहे, आल्प्समधली म्हातारी शेतकरीण आहे. माणसांना पेजर देऊन, दिवसातून आठेक वेळा तो वाजला की काय करता, काय वाटतं, हे लिहून घ्यायची त्यांची रीत होती. तिच्यातून एक कोडं निघालं : कामावर असताना ५४ टक्के वेळा फ्लोची नोंद, फावल्या वेळात फक्त १८ टक्के, तरीही कामावरची माणसं म्हणत होती, इथे नसतो तर बरं. याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की, काम म्हणजे ओझं ही रुजलेली समजूत माणसाला स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवू देत नाही. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. काम कुणाचं, दर कुणी ठरवला, आणि मनात आलं तर थांबता येतं का, हाही त्या माणसाचा अनुभवच आहे. ऊसतोडीत हिशेब ‘कोयत्या’वर, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीवर, मजुरी टनावर, आणि उचल आधीच घेतलेली. ती फिटेपर्यंत फळीवरून उतरायचं कधी, हे त्या बाईच्या हातात नाही. कड्यावरच्या गिर्यारोहकाच्या ते असतं. दोघांचं अवधान सारखं असू शकेल. म्हणून दोघांना एकच नाव देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

पार्कूर आणि मल्लखांब यांवर आता बरंच लिहिलं जातं आहे. या फळीवरच्या चालीचं वर्णन, मजुमदारांच्या धाटणीने, कोणता पाय आधी, मोळीचा तोल कुठे, नजर कुठे, असं कुणी तरी एकदा करायला हवं. आणि तिला काय वाटतं ते तिच्या बोलीत, काम थांबल्यावर, विचारायला हवं. हंगाम याच सुमारास सुरू होतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बीडहून आणि आमच्या जिल्ह्यातूनही टोळ्या निघालेल्या असतील.