रुग्णशय्या आणि विनय : डेमियन कीओन यांच्या नीतिविचाराचे मूल्यमापन

वैद्यकीय नीतिशास्त्राची उभारणी मुख्यतः पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती विचार यांच्या आधारे झाली. त्या चर्चेत बौद्ध धम्माला स्वतंत्र स्थान मिळवून देणाऱ्या मोजक्या अभ्यासकांत लंडन विद्यापीठाचे डेमियन कीओन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ‘द नेचर ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ (१९९२) आणि ‘बुद्धिझम अँड बायोएथिक्स’ (१९९५) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. १९९४ साली चार्ल्स प्रेबिश यांच्यासह त्यांनी ‘जर्नल ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ सुरू केले, आणि या विषयाला एक कायमचे व्यासपीठ लाभले.

शील ही निब्बाणाप्रत नेऊन मागे टाकायची केवळ पायरी आहे, हा समज त्यांनी पहिल्या ग्रंथात खोडून काढला. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिकेचा आधार घेतला. आजारी भिक्खूची दया येऊन इतर भिक्खूंनी त्याच्यापुढे मरणाची स्तुती केली. तथागतांनी तो पाराजिक दोष ठरविला. यावरून कीओन असे प्रतिपादन करतात की, करुणा हा हेतू असला तरी जीव घेणे समर्थनीय ठरत नाही. मात्र कोणत्याही उपायाने आयुष्य लांबवीत राहावे, असेही धम्म सांगत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ व २०१८ च्या निकालांत उपचार थांबविणे आणि प्राण घेणे यांत जो भेद केला, त्याच्याशी हे विवेचन बऱ्याच अंशी जुळते.

खरा प्रश्न मेंदूमृत्यूचा आहे. १९९५ साली कीओन यांनी ही कल्पना बौद्ध दृष्टीने ग्राह्य मानली होती. २०१० च्या लेखात त्यांनी आपले मत बदलले. पालि सुत्तांनुसार आयु, उष्मा आणि विञ्ञाण यांनी देह सोडला म्हणजे मृत्यू. मेंदूमृत रुग्णाचा देह तर उबदार असतो. म्हणून त्याचे अवयव काढणे आक्षेपार्ह होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. स्वतःची चूक उघडपणे मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा आदरास पात्र आहे. परंतु परिणाम गंभीर आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९५ पासून महाराष्ट्र व गोव्यात लागू आहे. उद्या एखाद्या उपासक कुटुंबाला अतिदक्षता विभागाबाहेर अवयवदानाविषयी विचारले गेले, तर त्याने धम्माचा आधार घेऊन नकार द्यावा काय?

आमच्या मते, येथे कीओन यांची पद्धत अपुरी पडते. प्राचीन काळी ही तीन लक्षणे एकत्रच लोप पावत. कृत्रिम श्वसनयंत्राने त्यांची फारकत केली. मेंदूमृत देहाची ऊब यंत्राने पुरविलेल्या प्राणवायूवर टिकून असते. सुत्तकाळी न उद्भवलेल्या प्रश्नाचे उत्तर सुत्तातील शब्दांत शोधण्यापेक्षा प्रज्ञेने पुराव्याची तपासणी करणे हेच धम्माला धरून आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांत भेद केला. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे सांगितले. हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांतील अंतरही त्यांनी स्पष्ट केले. भिक्खूसाठी पंचशील हे व्रत, तर उपासकासाठी ते शील, हा भेदही त्यांनीच दाखविला. कीओन भिक्खूंच्या दंडविधानातून सर्वांसाठी अपवादरहित नियम काढतात. तत्त्व विवेकाला वाव देते; नियम तो काढून घेतो.

तथापि कीओन यांचा सावधपणा टाकाऊ नाही. दात्याचे कुटुंब गरीब आणि अशिक्षित असेल, तर त्याची संमती खरोखर समजून दिलेली आहे काय, हे पाहावेच लागेल. विवेकाचा अधिकार बलवानांच्या हाती सोपविण्यासाठी तत्त्वाचा आधार घेता येणार नाही.

कीओन यांचा भर जीवनाच्या आरंभावर आणि अंतावर आहे. मधला रुग्ण बराचसा बाजूला राहतो. महावग्गात अतिसाराने ग्रस्त भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो आपल्या काही उपयोगाचा नाही, म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला स्नान घातले. श्वसनयंत्र केव्हा बंद करावे, याआधी खाटेपर्यंत कोण पोहोचतो, हा प्रश्न येतो. बौद्ध वैद्यकीय नीतीची पुढील मांडणी येथून सुरू व्हावी. तिचा पाया मात्र कीओन यांनी घातला आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.